1/35 म्हणजे काय? अमेरिकन युद्धगाडीचं पहिलं किट घेण्याआधी

ऑनलाइन किट शोधताना बॉक्सवर 1/35, 1/48, 1/72 असे आकडे दिसतात. हे स्केल, म्हणजे मूळ गाडी किती पट लहान केलीय ते. दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप सुमारे 333 सेंटीमीटर लांब होती. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर 35 ने भागा: साडेनऊ सेंटीमीटर. 72 ने भागलं तर पाचपेक्षाही कमी, काडेपेटीएवढी! स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून फसगत होते. पहिल्यांदा करणाऱ्याला मी 1/35 च सुचवेन. सुटे भाग चिमटीत धरता येतात.

खरी डोकेदुखी शर्मन रणगाड्याची. नाव एक, प्रकार अनेक. एम4ए1 चं धड ओतीव, म्हणून कडा गोलसर. एम4ए3 चं जाड पोलादी प्लेटा वेल्ड केलेलं, म्हणून कोनदार. एखाद्या ठरावीक रणगाड्याचंच मॉडेल हवं असेल, तर आधी त्याचा जुना फोटो झूम करून बघा. धड चुकलं तर कितीही रंग लावा, लपत नाही.

जीपचंही तसंच. ती विलीस आणि फोर्ड दोघांनी बनवली. रेडिएटरखालचा आडवा दांडा गोल नळीसारखा असेल तर विलीस, उलट्या पन्हळीसारखा असेल तर फोर्ड.

जोडायला मॉडेल सिमेंट घ्या. ते प्लॅस्टिक किंचित वितळवून सांधतं. इन्स्टंट ग्लू मात्र जीपच्या पारदर्शक काचेजवळ नको, काच पांढरट पडते.