शुक्राणूंची झडती

गर्भ वारंवार गळूं लागला कीं बोल स्त्रीला लावावयाचा, ही चाल फार जुनी. पुरुषाची झडती घेण्याचें साधन तरी कोठें होतें? डेल्फ्ट येथें लेव्हेनहूकनें १६७७ सालीं शुक्राणु पाहिले. त्यांतील गुणसूत्रें पाहावयास मात्र तीनशें वर्षें लागलीं.

कारण कधीं कधीं पुरुषांत असतें. त्याच्या दोन गुणसूत्रांनीं आपले तुकडे परस्परांत बदललेले असतात. शास्त्रज्ञ यास स्थानांतरण म्हणतात. असा पुरुष बहुधा धडधाकट असतो. घरांतील चीजवस्तु तीच, केवळ कपाटें बदललेलीं! वांटणीच्या वेळीं मात्र एका शुक्राणूला तुकडा अधिक जातो, दुसऱ्याला उणा.

शुक्राणूंत गुणसूत्रें इतकीं घट्ट आवळलेलीं असतात कीं तीं ओळखूं येत नाहींत. स्त्रीबीजांत शिरल्यावरच तीं उलगडतात. १९७८ सालीं पॅसिफिकमधील हवाई बेटांवर रुडाक, जेकब्स व यानागिमाची या तिघांनीं अजब तोड काढली. हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या स्त्रीबीजावरील आवरण काढून त्यांत मानवी शुक्राणु शिरूं दिला. पुढें कॅनडांत रेने मार्टिन यांनीं हीच युक्ति स्थानांतरण असलेल्या पुरुषांच्या शुक्राणूंना लावली. १९९० नंतरच्या दशकांत ठराविक गुणसूत्रांना चिकटून चमकणारीं रंगीत द्रव्यें हातीं आलीं, हजारों शुक्राणु मोजतां येऊं लागले, आणि बिचाऱ्या हॅम्स्टरची सुटका झाली.

अशा पुरुषांत बहुधा निम्मे, कधीं त्याहूनहि अधिक शुक्राणु असमतोल निघतात. पण तपासणींत शुक्राणु मरतो. निर्दोष तेवढा निवडून वापरण्याची सोय तींत नाहीं. बिघडलेल्यांचें प्रमाण किती, एवढेंच पतिपत्नींस कळतें.