जुना की नवा? एकधारी सेफ्टी रेझर घेण्याआधी हे वाचा

रील्समध्ये जड धातूचे चकचकीत रेझर बघून 'असा एक घ्यावाच' असं खूप जणांना वाटायला लागलंय. मग शोध सुरू होतो. एकीकडे परदेशातला सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा 'व्हिंटेज' रेझर, दुसरीकडे आत्ताच बनलेला नवा कोरा. दोन्हींचे फोटो भारी आणि दोन्हींची तारीफ सारखीच. पण मी राहतो जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत (सोलापूरवाली टेंभुर्णी वेगळी, ऑर्डर करताना पिनकोड नीट बघत जा), आणि इथून बघितलं तर पहिला प्रश्न वेगळाच येतो: याचं ब्लेड मिळणार कुठे?

या लेखात आपण एकधारी रेझर म्हणजे काय, त्याचे प्रकार कोणते, जुन्या-नव्यात खरा फरक काय आणि पैसे देण्याआधी मोबाईलवरच काय काय तपासता येतं हे बघू.

थोडक्यात उत्तर

रेझर एकदाच घेतो, ब्लेड आयुष्यभर घेत राहतो. म्हणून आधी ब्लेड ठरवा, मग रेझर. गावात राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच घेणाऱ्या माणसाला साध्या दुधारी ब्लेडवर (किंवा त्याच्या अर्ध्या तुकड्यावर) चालणारा नवा रेझर सगळ्यात सोयीचा. जुना घ्यायचा तर हौस म्हणून घ्या, आणि त्याचं ब्लेड हातात आल्यावरच घ्या.

एकधारी आणि दुधारी: फरक काय?

किराणा दुकानात कागदात गुंडाळलेलं जे पातळ ब्लेड मिळतं, ते दुधारी. दोन्ही बाजूंनी धार आणि जाडी साधारण 0.1 मिलिमीटर. हे ब्लेड इतकं लवचिक असतं की रेझरच्या डोक्यात कमानीसारखं वाकवून घट्ट धरावं लागतं.

एकधारी ब्लेडला एकाच बाजूला धार असते. जेम पद्धतीच्या ब्लेडची जाडी साधारण 0.23 मिलिमीटर, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि मागच्या बाजूला धातूची पट्टी असते. ते वाकत नाही. त्यामुळे दाट, राठ दाढीवर ते थरथरत नाही, सरळ कापत जातं.

आता गंमत बघा. आपल्याकडे अनेकांची दाढी एकधारी ब्लेडनेच होते, फक्त लक्षात येत नाही. सलूनमधले दादा दुधारी ब्लेड कागदातच ठेवून मधोमध मोडतात आणि अर्धं ब्लेड वस्तऱ्यात बसवतात. पूर्वी धोकटीत पोलादी पात्याचा वस्तरा असायचा, चामड्याच्या पट्ट्यावर घासून धार लावायची आणि तोच सगळ्यांच्या गालावर फिरायचा. एचआयव्ही आणि हिपॅटायटिसबद्दल जागृती झाल्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड ही पद्धत रुजली. हे गरजेचंच होतं, कारण हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेरही किमान 7 दिवस तग धरू शकतो. तेव्हा दादांना 'नवं ब्लेड लावा' म्हणायला अजिबात लाजू नका.

वस्तरा आणि सेफ्टी रेझर यांत फरक इतकाच, की वस्तऱ्याची धार उघडी असते आणि सेफ्टी रेझरमध्ये धारेच्या पुढे एक दांडी असते. तिच्यामुळे ब्लेड त्वचेत खोल घुसत नाही.

इतिहास, पण पटकन

1880 मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी 'स्टार' नावाच्या सेफ्टी रेझरचं पेटंट घेतलं. त्यात वस्तऱ्याच्या पात्याचा छोटा जाड तुकडा बसायचा, आणि त्याला परत परत धार लावावी लागायची. म्हणजे सेफ्टी रेझर आधी एकधारीच होता.

नंतर किंग कॅम्प जिलेट यांनी वापरून फेकायच्या पातळ दुधारी ब्लेडची कल्पना आणली. 1903 मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांचे जेमतेम 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली. 1904 मध्ये पेटंट मिळालं आणि पुढे चित्र पालटलं. जेम, एव्हर-रेडी अशा एकधारी कंपन्या अनेक दशकं टक्कर देत राहिल्या, पण जगभर दुकानात पोचलं ते दुधारी ब्लेडच. भारतातही तेच झालं. टोपाझ असो की ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचं सुपरमॅक्स, घरोघरी गेलं ते दुधारी.

आजची आपली अडचण इथूनच सुरू होते. रेझर कुठूनही मागवता येतो, पण ब्लेड तेच मिळतं जे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या स्पर्धेत जिंकलं.

ब्लेडवरून ओळखा रेझरचा प्रकार

1. जेम पद्धत. मागे पट्टी असलेलं जाड ब्लेड. जुन्यात जेम 1912, मायक्रोमॅटिक, एव्हर-रेडी हे प्रसिद्ध. ब्लेडं आजही बनतात, पण बाहेरून मागवावी लागतात.

2. इंजेक्टर पद्धत. अमेरिकी सैन्यातून आलेल्या जेकब शिक यांनी 1920च्या दशकात आणली. बंदुकीच्या मॅगझिनसारख्या डबीतून ब्लेड थेट रेझरमध्ये ढकलायचं, धारेला हात लावायची गरजच नाही. सप्लाय या कंपनीचे नवे रेझर याच पद्धतीचे.

3. व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप आणि रोल्स. ब्लेडला धार लावायची सोय रेझरमध्ये किंवा त्याच्या डबीतच. रोल्स रेझर इंग्लंडचा, त्याच्या डबीत एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला चामडं असतं. व्हॅलेटमध्ये जपानच्या फेदर कंपनीची एफएचएस ब्लेडं बसतात. वनब्लेड नावाचा नवा अमेरिकन रेझरही याच ब्लेडवर चालतो. सावधान! फिलिप्सचा वनब्लेड हे विजेवर चालणारं वेगळं यंत्र आहे, सर्च करताना गल्लत होते.

4. आर्टिस्ट क्लब पद्धत. हीसुद्धा फेदरचीच, मुळात सलूनच्या व्यावसायिक वस्तऱ्यांसाठी बनवलेली. अनेक नव्या महागड्या एकधारी रेझरमध्ये हेच ब्लेड लागतं, उदाहरणार्थ ब्लॅकलँड व्हेक्टर किंवा रेझोरॉक हॉक.

5. अर्धं दुधारी ब्लेड. लीफ कंपनीचे ट्विग आणि थॉर्न हे एकधारी रेझर यावर चालतात. आपले सलूनवाले दादा जे करत आलेत, तेच!

टेंभुर्णीत, जाफराबादला किंवा जालन्याच्या बाजारात दुकानावर जाऊन सहज मिळेल असं ब्लेड फक्त पाचव्या प्रकाराला लागतं. पहिल्या चारही प्रकारांना ऑनलाइन ऑर्डर आलीच. स्टॉक संपला किंवा पार्सल अडकलं की रेझर शोकेसमध्ये.

जुना विरुद्ध नवा

धातू: जुने बरेचसे पितळेचे, वरून निकेल किंवा सोन्याचा मुलामा. नवे स्वस्त रेझर बहुधा झमॅकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव, वर क्रोम. महागडे नवे स्टेनलेस स्टील, अॅल्युमिनियम किंवा टायटॅनियमचे.

टिकाऊपणा: पितळेचा मुलामा गेला तरी आतला धातू शाबूत राहतो, पुन्हा मुलामा चढवता येतो. झमॅकचं क्रोम एकदा फुटलं की आतलं जस्त पाण्याने पोखरत जातं आणि ते थांबवणं अवघड असतं. स्टेनलेसला मुलाम्याची भानगडच नाही.

अचूकता: चांगल्या नव्या रेझरमध्ये ब्लेड दरवेळी त्याच जागी, त्याच कोनात बसतं. जुन्यात नशीब. ब्लेडचे कोपरे अडवणारे छोटे खिळे झिजले असतील तर ब्लेड तिरकं बसतं, आणि तिरकं ब्लेड म्हणजे रक्त.

हाताळणी: जुन्या जेमचं डोकं गालावर जवळजवळ सपाट टेकवून चालवावं लागतं. दुधारी रेझरसारखा तिरका धरला तर तो त्वचा खरवडतो. नवे एकधारी बहुतेक सरळ साधे, काहींचं डोकं गालाप्रमाणे हलतंही.

दुरुस्ती: जुन्याचे सुटे भाग मिळत नाहीत. नव्यावर निदान वॉरंटी मागता येते.

खरं पितळ की झमॅक? घरच्या घरी तपासा

चुंबक इथे कामाचं नाही, कारण पितळ आणि झमॅक दोन्ही त्याला चिकटत नाहीत. त्यापेक्षा आर्किमिडीजची युक्ती वापरा. लहान वजनं मोजणारा काटा लागेल, सोनाराकडचा मिळाला तर उत्तम.

- कोरड्या रेझरचं वजन करा. समजा 60 ग्रॅम.
- काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा.
- रेझर दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असा पाण्यात धरा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका.
- आता दिसणारे ग्रॅम म्हणजेच रेझरचं घन सेंटिमीटरमधलं आकारमान.
- वजनाला या आकड्याने भागा.

आकडा 7.1 आला तर 60 भागिले 7.1 म्हणजे साधारण 8.5, हे पितळ. 9.1 आला तर उत्तर 6.6, म्हणजे झमॅक. स्टेनलेस 8 च्या जवळ, टायटॅनियम 4.5, अॅल्युमिनियम 2.7. दांडा आतून पोकळ आणि बंद असेल तर मात्र हिशोब चुकतो, म्हणून डोकं वेगळं निघत असेल तर फक्त डोकंच मोजा.

मोबाईलवर ही चार कामं करा

1. विकणाऱ्याकडून ब्लेड बसवलेल्या डोक्याचा समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो मागा. झूम करून बघा, धार आणि दांडी यांतली फट एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सारखी हवी.

2. फोटो गुगल लेन्सवर टाका. तोच फोटो तीन वेगळ्या जाहिरातींत दिसला तर तिथेच थांबा.

3. कोरलेली तारीख म्हणजे बनवल्याचं साल नव्हे. ती बहुधा पेटंटची असते. 'जेम 1912' हे नावही पेटंटच्या तारखेवरून पडलंय, तो रेझर पुढे कित्येक वर्षं बनत होता. पेटंट नंबर गुगल पेटंट्सवर टाकला की मूळ चित्र बघायला मिळतं.

4. रेझरच्या आधी त्याचं ब्लेड शोधा. आपल्या पिनकोडवर ते येतं का, किती दिवसांत येतं, बघून घ्या. आठवड्यात 3 वेळा दाढी म्हणजे वर्षाला 156. एक ब्लेड 5 वेळा चाललं तर वर्षाला 32 ब्लेडं. एका ब्लेडच्या किमतीला 32 ने गुणा, परदेशातून मागवणार असाल तर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी मिळवा. हा आकडा रेझरच्या किमतीशेजारी लिहिला की निर्णय आपोआप होतो.

आपल्या पाण्यात रेझर कसा सांभाळायचा?

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. साबणाचा फेस कमी होतो आणि धातूवर पांढरा थर साचतो. दाढी झाली की रेझर धुवा, झटका आणि कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. पांढरा थर काढायला लिंबू किंवा व्हिनेगर चोळायचा मोह होतो, पण मुलामा फुटलेल्या झमॅकवर आम्ल लागलं तर तो अजून लवकर खराब होतो. कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश पुरे.

जुना रेझर आला की आत अडकलेलं जुनं ब्लेड आधी काढून टाका, वापरायचं नाही. मग साबणाने घासा, 70 टक्के अल्कोहोलने पुसा. दांडा सेल्युलॉइडचा असेल तर उकळत्या पाण्यात घालू नका, तो मऊ पडून वाकतो.

वापरलेली ब्लेडं उकिरड्यावर टाकू नका. गुरं आणि पोरं दोघांनाही धोका आहे. पत्र्याच्या डबीला वर चीर पाडा, त्यात टाकत राहा आणि भरली की बंद करून भंगारात द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं खरवडायचं एकधारी ब्लेड जेममध्ये चालेल का?
उत्तर: दिसायला सारखं असलं तरी नको. ते काचेवरचा रंग किंवा स्टिकर काढायला बनवलेलं असतं. दाढीच्या ब्लेडची धार जास्त बारीक असते आणि तिच्यावर टेफ्लॉनसारखा गुळगुळीत थर असतो.

प्रश्न: जालन्यात एवढं स्टील बनतं, मग ब्लेड का नाही?
उत्तर: जालन्याची सळई बांधकामासाठी असते. तिच्यात कार्बन 0.3 टक्क्यांपर्यंतच ठेवतात, कारण ती वाकली पाहिजे, तुटता कामा नये. दाढीच्या स्टेनलेस ब्लेडमध्ये कार्बन साधारण 0.65 टक्के आणि क्रोमियम 13 टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हाच ती कडक धार धरते आणि गंजत नाही.

प्रश्न: पुरळ येतं, केस आत वळतात. एकधारी वापरून फायदा होईल?
उत्तर: बऱ्याच जणांना होतो. अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये केस ओढला जाऊन त्वचेच्या आत कापला जातो, मग तो वाढताना आतच वळतो. एकच पातं त्वचेच्या पातळीवर कापतं. त्रास जास्त असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: घरात आजोबांचा जुना रेझर सापडलाय, काय करू?
उत्तर: विकायची घाई करू नका. आधी ब्लेडचा प्रकार ओळखा. दुधारी असेल तर नशीब समजा, साफ करून थेट वापरता येईल. एकधारी असेल तर ब्लेड मिळेपर्यंत कोरडा, कापडात गुंडाळून ठेवा.