हुशार मुलं शोधायची कुठे?

एनसीईआरटीने 1963 साली विज्ञानात गती असलेल्या शाळकरी मुलांचा शोध सुरू केला, तेव्हा शिष्यवृत्त्या होत्या अवघ्या 10, आणि त्याही फक्त दिल्लीपुरत्या. दुसऱ्याच वर्षी योजना देशभर गेली, शिष्यवृत्त्या 350 झाल्या. 1976 मध्ये सामाजिक शास्त्रांनाही तिच्यात जागा मिळाली आणि एनटीएस (नॅशनल टॅलेंट सर्च) ही तिची तीन अक्षरं मराठी घरांतही ओळखीची झाली.

पुण्यात त्याआधीच, 1962 मध्ये, अप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी सुरू केली होती. बुद्धिमापन चाचणी घेऊन मुलं निवडायची आणि शाळा सुटल्यावर त्यांना पाठ्यपुस्तकापलीकडचं काही द्यायचं, अशी ती सुरुवात. प्रशाला आली 1969 मध्ये. बुद्धी म्हणजे एकच आकडा नव्हे, तिला अनेक पैलू असतात, हा गिलफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा विचार प्रबोधिनीने चाचण्यांसाठी आधाराला घेतला. या कामाचं मोठेपण मात्र चाचण्यांपेक्षा अप्पांच्या आग्रहात आहे: तल्लख मुलाची बुद्धी समाजाच्या कामी यायला हवी.

तरीही एक प्रश्न उरत होता. परीक्षेच्या हॉलपर्यंत जे पोचतच नाहीत, त्यांचं काय?

त्याला मुंबईत भिडले वि. गो. कुलकर्णी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले हे भौतिकशास्त्रज्ञ होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या उभारणीत उतरले. केंद्राची स्थापना 1974 ची, आणि सुरुवातीचा संसार नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात ग्रामीण शाळांचा अनुभव गाठीशी बांधून, 1980 च्या सुमारास केंद्राने मुंबईच्या महापालिका शाळांतली अनुसूचित जातींची मुलं निवडली. घरात अभ्यासाला कोपरा नाही, विचारायला शिकलेलं माणूस नाही, अशी ही मुलं.

कुलकर्णी आणि केंद्रातले त्यांचे सहकारी सुधाकर आगरकर यांनी आधी शोधलं ते मुलं अडतात कुठे. पुस्तकाची जड, संस्कृतप्रचुर मराठी हा एक मोठा अडसर निघाला. मुलाला विज्ञान कळत नाही असं वर्गात ठरवलं जायचं, प्रत्यक्षात त्याला वाक्य कळत नसायचं. भाषा सोपी केली की त्याच मुलाची समज वाढते, हे केंद्राने आधीच तपासून पाहिलं होतं. मागच्या इयत्तांतले कच्चे दुवे, न झालेले प्रयोग, प्रश्न विचारण्याची भीती यांवरही काम झालं. मुलांना बोलतं केलं गेलं. शालान्त परीक्षेत त्यांनी जी मजल मारली, ती त्यांच्या शाळांच्या नेहमीच्या निकालांच्या कितीतरी पुढची होती. या कामाचा वृत्तान्त 1985 मध्ये प्रसिद्ध झाला.

बुद्धीची कमतरता आणि संधीची कमतरता चाचणीच्या कागदावर सारखीच दिसते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे प्रयोग आपल्याकडे फार झालेले नाहीत. हा प्रयोग त्याच्या वाट्याला आलेल्या प्रसिद्धीपेक्षा खूप मोठा आहे.

त्याच सुमारास, 1985-86 मध्ये, केंद्र सरकारनेही गावाकडच्या हुशार मुलांसाठी नवोदय विद्यालयं काढली. पहिल्या दोनांपैकी एक अमरावतीचं, दुसरं हरियाणातल्या झज्जरचं. प्रवेश परीक्षेनेच, पण किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखलेल्या, राहणं-जेवण मोफत. होमी भाभा केंद्र पुढे मानखुर्दला स्वतःच्या वास्तूत गेलं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, खगोलशास्त्र या विषयांच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी भारताचे विद्यार्थी आता तिथेच तयार होतात.