ही माझी फी

आजोबांच्या उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता. आम्ही नातवंडं त्याला बोट लावायचो, तेव्हा ते म्हणायचे, "ही माझी फी."

1953 साली ते मॅट्रिक झाले. माण तालुक्यातलं जिराईत रान, त्यात घरची दहा तोंडं. कॉलेज म्हणजे पुणं नाहीतर कोल्हापूर, एवढंच पणजोबांना ठाऊक. मास्तर म्हणाले, "साताऱ्याला अण्णांकडे पाठवा. तिथं हात चालले की पुरे." अण्णा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. 1919 साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज. कमवा आणि शिका, हा तिथला रिवाज.

आजोबा सकाळी दगड फोडत, माती वाहत आणि हातपाय धुऊन वर्गात बसत. फीचं कोडं असं सुटलं. इंग्रजीचं सुटेना. प्राध्यापकांचं बोलणं सहा महिने नुसतं कानांवरून गेलं. वरच्या वर्गातला एक मुलगा रोज रात्री कंदिलापाशी बसून तोच धडा त्यांना माणदेशी बोलीत सांगायचा. खेड्यातल्या पोराला कॉलेजच्या उंबऱ्यावर पैशाइतकीच भाषा अडवते, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

लक्ष्मीवहिनींची गोष्ट मात्र ते हळू आवाजात सांगत. भाऊरावांच्या या पत्नी 1930 सालीच गेल्या. आजोबांनी त्यांना पाहिलं नव्हतं, जुन्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं होतं. बोर्डिंगात धान्य संपलं, तेव्हा वहिनींनी गळ्यातलं मंगळसूत्रही मोडायला दिलं. अंगावरचे दागिने त्याआधीच गेले होते. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाईंनी सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत जेवू घातलं. त्या काळी मंगळसूत्र मोडणं म्हणजे काय, हे आजी शेजारी बसून समजावून सांगायची. माझ्या लेखी रयतेच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं दान तेच.

आजोबांची धाकटी बहीण त्यांच्याहून हुशार होती. पाढे तिला तिसापर्यंत तोंडपाठ. चौथीनंतर तिची पाटी माळ्यावर गेली, कारण पाणी लांबून आणावं लागे आणि भाऊ शिकायला गेला होता. आजोबा हे कधी लपवत नसत.

1957 साली ते पदवी घ्यायला निघाले, तेव्हा पहाटे उठून दशम्या तिनंच बांधून दिल्या.