माशी आणि मासा : एका वादाचा इतिहास

इंग्लंडांत मार्च महिना सरतां सरतां हिवाळ्याचा अंमल ढिला पडूं लागतो. झाडांना पालवी फुटलेली नसते, कुरणांतील गवतही पिवळेंच असतें. परंतु दुपारीं बाराच्या सुमारास ऊन थोडें तापलें कीं, लहान नद्यांच्या पाण्यावर करड्या पंखांच्या चिमुकल्या माश्या प्रकट होतात. उभारलेल्या शिडांच्या होड्यांप्रमाणें पंख ताठ धरून त्या प्रवाहाबरोबर वाहत येतात. आणि मग एखाद्या दगडाच्या आडून पाण्यावर एक लहानसें वर्तुळ उमटतें. ट्राउट माशानें त्यांतील एक माशी टिपलेली असते. हा सोहळा पाहतां पाहतां संपतो आणि नदी पुन्हां निर्जीव भासूं लागते. ह्या अल्प काळावर इंग्रजी भाषेंत एखादें ग्रंथालय भरेल इतकें लिहिलें गेलें आहे. आणि त्या लिखाणांतून असा एक वाद उद्भवला कीं, त्यापायीं एका वृद्ध गृहस्थाला पंचावन्न वर्षांच्या सहवासाची नदी सोडावी लागली.

सह्याद्रीच्या नद्यांना ट्राउट मासा अपरिचित आहे, कारण त्याला बाराही महिने थंड व प्राणवायूनें भरलेलें पाणी लागतें. हिवाळ्याच्या तोंडीं अंडीं घालून तो कृश झालेला असतो व वसंताच्या आरंभीं भुकेनें व्याकुळ होतो. त्या वेळीं त्याचें मुख्य अन्न म्हणजे ह्या माश्या. त्यांचें आयुष्यही मोठें विलक्षण आहे. बहुतेक सारें आयुष्य त्या नदीच्या तळाशीं, दगडांच्या सांदींत, पंखांवांचून काढतात. वेळ भरली कीं त्या वर येतात, अंगावरची त्वचा फाटते आणि पंख फुटलेला जीव बाहेर पडतो. त्यानंतर त्याला अन्न घेतां येत नाहीं. प्रणय, अंडीं आणि मृत्यु एवढेंच त्याचें उरलेलें कार्य. अशा नाजूक जीवाला गळाला टोंचणें अशक्य. म्हणून रेशीम, लोंकर व पिसें गळावर गुंडाळून त्याची प्रतिमा करण्याची कला जन्मास आली.

ही कला फार प्राचीन आहे. रोमन काळचा ग्रंथकार ईलियन ह्यानें मॅसिडोनियांतील कोळी गळाला तांबडी लोंकर व कोंबड्याचीं पिसें बांधून मासे धरीत, असें वर्णन केलें आहे. इंग्लंडांत १४९६ सालीं छापल्या गेलेल्या एका निबंधांत बारा कृत्रिम माश्यांची यादी असून ती मार्च महिन्यापासून सुरू होते. तो निबंध ज्यूलियाना बर्नर्स नांवाच्या स्त्रीचा मानण्याची परंपरा आहे, पण विद्वानांचें त्यावर एकमत नाहीं.

पुढें १६५३ सालीं आयझॅक वॉल्टन ह्याचा सुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध झाला. वॉल्टन हा लंडनमधील व्यापारी. माशीच्या विद्येंत त्याची गति बेताचीच होती. ती उणीव त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन ह्यानें १६७६ सालीं ग्रंथाला दुसरा भाग जोडून भरून काढली. कॉटन हा कवि व भाषांतरकार असून डव्ह नांवाच्या लहानशा नदीच्या कांठीं त्याचें घर होतें. तेथें १६७४ सालीं त्यानें एक छोटी वास्तु बांधली आणि दारावर आपलीं व वॉल्टनचीं आद्याक्षरें एकमेकांत गुंफून कोरविलीं. दोरी बारीक असावी व मासा दूर असतांनाच ती टाकावी, हा त्याचा उपदेश अद्यापि जुना झालेला नाहीं.

तथापि कॉटनच्या मागून दोन शतकें बहुतेक लोक प्रवाहाच्या दिशेनेंच माशी सोडीत. ट्राउट मासा पाण्याच्या ओघाकडे तोंड करून उभा असतो. त्यामुळें वरून येणारा मनुष्य त्याला आधीं दिसतो. १८५७ सालीं डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट ह्या स्कॉटिश लेखकानें ही गोष्ट आग्रहानें मांडली : माशाच्या पाठीमागून जावें आणि माशी ओघाच्या उलट दिशेनें फेंकावी. स्कॉटलंडच्या पावसाळी, खडकाळ ओढ्यांत त्याच्या साध्या माश्या पाण्याखालीं बुडून वाहत, आणि वसंतारंभींचे भुकेले मासे त्या घेत.

दक्षिणेंत हॅम्पशर परगण्यांतील नद्यांचा स्वभाव निराळा. टेस्ट आणि इचन ह्या नद्या खडूच्या टेंकड्यांतील झऱ्यांवर पोसलेल्या. पाणी संथ व काचेसारखें स्वच्छ. तेथें फ्रेडरिक हॅलफर्ड ह्या धनिक गृहस्थाची १८७९ सालीं जॉर्ज मॅरियट ह्या निष्णात मत्स्यवेधकाशीं गांठ पडली. दोघांनीं नदीवरील माश्या पकडून, त्यांचे रंग पारखून, त्यांच्या हुबेहूब प्रतिमा तयार केल्या. १८८६ व १८८९ सालच्या हॅलफर्डच्या ग्रंथांनीं एक नवें शास्त्र रूढ केलें. त्याचें सार असें कीं, आधीं वर्तुळ करणारा मासा डोळ्यांनीं पाहावा, मगच त्याच्या वरच्या अंगाला कोरडी माशी अलगद टाकावी, आणि ती तरंगत त्याच्या मुखापाशीं यावी. ह्या नियमांत संयम होता. आंधळेपणानें पाणी झोडपण्याच्या संवयीला त्यानें आळा घातला, हें हॅलफर्डचें श्रेय मान्यच केलें पाहिजे. परंतु शिष्यांच्या हातीं ह्या पद्धतीचा धर्म झाला. कित्येक नद्यांवर बुडती माशी वापरणें हें जवळजवळ पाप ठरलें.

ह्या धर्माला पहिला तर्कशुद्ध प्रश्न विचारला तो जी. ई. एम. स्क्यूज ह्या लंडनच्या सॉलिसिटरनें. १८८३ पासून तो विंचेस्टरजवळ इचन नदीच्या ॲबट्स बार्टन ह्या पट्ट्यांत मासेमारी करीत असे. साक्षीपुरावा तपासण्याची वकिली संवय त्यानें नदीवरही सोडली नाहीं. धरलेल्या माशाच्या पोटांतील अन्न तो एका लांबट चमच्यानें काढी व पांढऱ्या बशींत पाणी घालून न्याहाळी. तेथें त्याला पंखवाल्या माश्यांपेक्षां त्यांचीं पंख न फुटलेलीं रूपेंच पुष्कळदां अधिक आढळत. ह्या रूपाला इंग्रजींत 'निंफ' म्हणतात; ग्रीक पुराणांतील जलदेवतांचेंही तेंच नांव. म्हणजे पाण्यावर वर्तुळ दिसलें तरी मासा पृष्ठाखालीं, वर येणाऱ्या निंफलाच गांठीत असे. मग कोरड्या माशीचाच हट्ट कां? १९१० व १९२१ सालच्या दोन ग्रंथांत स्क्यूजनें आपला पुरावा सौम्य भाषेंत, पण एकही दुवा न सोडतां मांडला.

हॅलफर्ड १९१४ सालीं निवर्तला. त्याचा पंथ मात्र अधिकच कडवा झाला. बुडती माशी वापरूं दिली तर लहान व न दिसणारे मासे अकारण जखमी होतील आणि संयमाची शिस्त मोडेल, ही पंथीयांची भीति अगदींच निराधार नव्हती. अखेर फेब्रुवारी १९३८ मध्यें लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबांत ह्या प्रश्नावर वादविवाद झाला. वयाच्या ऐंशीव्या वर्षांत असलेला स्क्यूज तेथें जणूं आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा होता. त्याच वर्षीं, सहकाऱ्यांना त्याची पद्धत रुचेना म्हणून, त्यानें ॲबट्स बार्टन सोडलें. ज्या पाण्यांतील प्रत्येक वळण त्याला तोंडपाठ होतें, त्या पाण्यावरचा त्याचा हक्क संपला. पुढच्याच वर्षीं, १९३९ सालीं, निंफविषयींचा आपला अखेरचा ग्रंथ त्यानें प्रसिद्ध केला. त्यांत कडवटपणा थोडा आणि निरीक्षण पुष्कळ आहे.

स्क्यूज ऑगस्ट १९४९ मध्यें, नव्वदी उलटल्यावर, मरण पावला. त्याची रक्षा ॲबट्स बार्टनच्या त्याच कांठावर विखुरण्यांत आली, आणि तेथें त्याच्या स्मरणार्थ एक दगडी आसन बसविण्यांत आलें. वृद्धपणीं त्यानें फ्रँक सॉयर नांवाच्या एका नदीरक्षकाला लिहिण्यास उत्तेजन दिलें होतें. तांब्याची बारीक तार व फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतु एवढ्यावर सॉयरनें बांधलेली निंफ आणि त्याचा १९५८ सालचा ग्रंथ हीं दोन्ही पुढें जगभर पसरलीं.

आज वसंताच्या आरंभीं गुडघाभर थंड पाण्यांत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या डबींत हॅलफर्डची कोरडी माशी व स्क्यूजची निंफ शेजारीं शेजारीं असतात. पाण्यावर वर्तुळें दिसेपर्यंत तो निंफ सोडतो. दुपारीं ऊन तापून करडे पंख वाहत येऊं लागले कीं, दोरीची गांठ सोडून तो कोरडी माशी बांधूं लागतो. त्यासाठीं त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाहीं, असें मात्र सर्वत्र नाहीं. हॅम्पशरच्या कांहीं नद्यांवर ऋतूच्या आरंभीं अजूनही कोरड्या माशीचाच नियम चालतो.