काला अंब आणि बखरीबाहेरची जोडी

पानिपत शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर काला अंब नावाचे स्थान आहे. एक विटांचा स्तंभ, त्यात बसवलेला लोखंडी गज, कोरलेला लेख आणि भोवती अलीकडच्या काळात राखलेले उद्यान, एवढेच तेथे पाहावयास मिळते. ज्या आंब्यावरून या स्थानाला नाव मिळाले, तो वृक्ष केव्हाच वाळून गेला. १४ जानेवारी १७६१ रोजी या परिसरात इतके रक्त सांडले की झाडाचा रंग काळवंडला आणि फळ कापताच रक्तासारखा रस गळू लागला, असे लोक सांगतात. वनस्पतिशास्त्र या कथेला दुजोरा देणार नाही आणि इतिहास तिला पुरावा मानणार नाही. तरीही स्मारकाचे नाव ठरवले ते या कथेनेच. पराभवाची मोजदाद करणाऱ्या कागदांपेक्षा एका झाडाविषयीचा प्रवाद अधिक टिकला, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

प्रश्न असा आहे : सर्वमान्य संहितेत ज्या दोन पुरुषांमध्ये केवळ स्वामिनिष्ठा किंवा मैत्री सांगितली आहे, त्यांच्यात प्रेम कल्पिण्याचा अधिकार वाचकाला आहे काय? पाश्चात्त्य देशांत या प्रकाराला अलीकडे फॅन फिक्शनच्या सदरात स्थान मिळाले. ‘स्टार ट्रेक’ या दूरदर्शन मालिकेतील कर्क आणि स्पॉक यांना प्रियकर म्हणून रंगवणारी एक छोटी कथा १९७४ मध्ये चाहत्यांच्या एका खाजगी नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि तिच्यामागून तशा कथांची रीघ लागली. लिहिणाऱ्या बहुतांश स्त्रिया होत्या. परंतु ही प्रवृत्ती त्या मालिकेइतकी अर्वाचीन नाही. होमरच्या ‘इलियड’मध्ये अकिलीझ आणि पॅट्रोक्लस हे प्रियकर असल्याचे कोठेही स्पष्ट म्हटलेले नाही, ते नाते इस्किलसने आपल्या, आज केवळ त्रुटित अंशांनी उपलब्ध असलेल्या, शोकांतिकेत उघड केले. पुढे प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्ये फीड्रस इस्किलसशी वाद घालतो, पण त्याची तक्रार ‘असे नाते कल्पिलेच का’ ही नाही. दोघांतील प्रेम करणारा कोण आणि प्रेमविषय कोण, हे नाटककाराने उलटे सांगितले, एवढीच त्याची हरकत आहे. आवडत्या पात्रांविषयी हिरिरीने भांडणारा हा वाचक आजच्या चाहत्यांचा पूर्वज शोभतो.

काला अंबापाशी उभे राहिल्यावर मराठी वाचकाला अशी कोणती जोडी आठवेल? पानिपताची मान्य जोडी ठरलेली आहे : सदाशिवराव भाऊ आणि विश्वासराव, चुलता आणि पुतण्या. पेशव्यांना पोचलेल्या सांकेतिक निरोपातले दोन मोती ते हेच, असे परंपरा मानते. त्या निरोपात तिसऱ्या एका माणसाला जागा नव्हती. तो म्हणजे इब्राहिमखान गारदी. फ्रेंच धर्तीची कवायत शिकलेला आणि पूर्वी निजामाच्या चाकरीत असलेला हा सेनानी पुढे मराठ्यांकडे आला. त्याच्या तोफा आणि शिस्तबद्ध पायदळ यांवर भाऊंनी संपूर्ण भिस्त ठेवली. मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या सरदारांना गनिमी कावा सोडून ही गोलाची लढाई पत्करणे रुचले नाही. भाऊ आपल्या मतावर, म्हणजे पर्यायाने इब्राहिमखानावर, ठाम राहिले.

या दोघांविषयीचा सर्वांत हृद्य प्रसंग मराठी बखरकाराने सांगितलेला नाही. तो शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज या दक्षिणी ब्राह्मणाच्या फारसी वृत्तांतात आहे. गारद्यांच्या पगाराचा तगादा हा छावणीतला नित्याचा कलह होता. ऑगस्ट १७६० मध्ये दिल्लीच्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून भाऊंना सुमारे नऊ लाख रुपये उभे करावे लागले, ते अशाच देण्यांपायी. काशिराज सांगतो की, लढाईच्या सकाळी इब्राहिमखान घोडा पुढे काढून भाऊंपाशी आला, मुजरा केला आणि म्हणाला की माझ्या लोकांच्या पगारासाठी मी हटून बसे म्हणून आपण माझ्यावर रुष्ट होता. या महिन्यात तर काहीच मिळालेले नाही, पण त्याचे काही नाही, आज मी माझे काम करून दाखवीन. त्यानंतर तो रोहिल्यांवर चालून गेला आणि त्याच्या बहुतेक पलटणी तेथेच कापल्या गेल्या. स्वतः तो जखमी होऊन पकडला गेला, काही काळ शुजाने त्याला दडवले, अखेरीस शहाच्या लोकांच्या स्वाधीन व्हावे लागून त्याचा अंत झाला.

या प्रसंगात एखाद्या वाचकाला पगाराच्या हिशेबापलीकडचे काही दिसले, रुसवा आणि त्याची अखेरची समजूत दिसली, तर त्याने काय अपराध केला? हा मजकूर इतिहास म्हणून मांडता येणार नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. तो नेमका १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा आहे, आणि बखरींच्या विश्वासार्हतेविषयी त्यांनी किती कठोर परीक्षण केले हे सर्वश्रुत आहे. त्र्यं. शं. शेजवलकरांनी तीच शिस्त पानिपतावरील ग्रंथात पाळली. त्या कसोटीवर भाऊ आणि इब्राहिमखान यांचे प्रेम क्षणभरही टिकत नाही. कोणी तसे सिद्ध झाले असे म्हणेल, तर त्याला पुरावा मागितलाच पाहिजे. मात्र ‘असे घडले’ असा दावा करणारा लेखक आणि ‘असे असते तर’ असे लिहिणारा लेखक यांना एकाच कसोटीला लावणे हा न्याय नव्हे.

खुद्द पानिपताच्या बाबतीत मराठी मनाने हा भेद फार पूर्वीच केला आहे. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई या मोहिमेत त्यांच्यासमवेत होत्या. पती मारला गेला हे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही आणि १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. त्यानंतर तोतया आला. सुखलाल नावाच्या कनोजी ब्राह्मणाने स्वतःला भाऊ म्हणवून फौज जमवली, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. त्या बंडावर न. चिं. केळकरांनी नाटक लिहिले. विश्वास पाटील यांच्या १९८८ च्या ‘पानिपत’ कादंबरीने तर दोन पिढ्यांना हे युद्ध कल्पनेच्या डोळ्यांनी दाखवले. भाऊ जगले असते तर, विश्वासराव पडले नसते तर, होळकर थांबले असते तर, अशा पर्यायी शेवटांनी मराठी भाषा भरून गेली आहे. यांतील एकाही ‘तर’ला पुरावा नाही. पुरावा नाही ही सबब मग केवळ एकाच प्रकारच्या ‘तर’ला का लावावी?

याचे खरे उत्तर पुराव्यात नाही, लाजेत आहे. आणि ही लाज अनादी नाही, तिच्या एका ठळक टप्प्याचा कर्ता पानिपतचाच सुपुत्र आहे. ख्वाजा अल्ताफ हुसेन हाली यांचा जन्म १८३७ मध्ये पानिपतास झाला, १९१४ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले, आणि बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. गालिबचे हे शिष्य उर्दू समीक्षेचे आद्य प्रवर्तक मानले जातात. त्यांच्यापूर्वीच्या दिल्लीत गझलेतील प्रियतम व्याकरणाने पुल्लिंगी असे, आणि अनेकदा वर्णनानेही पुरुषच असे : ओठांवर नुकती फुटलेली मिसरूड, डोईचा फेटा, सारे काही. अठराव्या शतकातील आबरू, मीर यांसारख्या कवींना त्यात खुलासा करण्यासारखे काही वाटले नाही. जामा मशिदीच्या पायथ्याशी सरमदची कबर आहे. अभयचंद नावाच्या तरुणावरील त्याच्या प्रेमाची कथा सर्वांना ठाऊक होती, आणि औरंगजेबाच्या काळात त्याला देहदंड झाला तेव्हा ठेवलेला ठपका नग्नतेचा आणि कलमा अपुरा म्हणण्याचा होता, प्रेमाचा नव्हे.

१८९३ च्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’मध्ये हालींनी या परंपरेवर हरकत घेतली. प्रियतमाचे पुरुषत्व दाखवणारे शब्द टाळावेत, उघडपणे स्त्रीत्व दाखवणारेही टाळावेत, दोहोंना लागू पडेल अशी भाषा वापरावी, असा त्यांचा आग्रह होता. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी दंडसंहिता १८६० मध्ये तयार होऊन १८६२ पासून अमलात आली होती. १८५७ नंतरच्या पराभूत समाजाला स्वतःचे साहित्य परक्यांच्या नजरेने तपासण्याची सवय लागत होती. हालींना खलनायक ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. विधवेच्या दुःखाला वाचा फोडणारे ‘मुनाजात-ए-बेवा’ त्यांनीच लिहिले. त्या कवितेच्या कर्त्याला पार्वतीबाईंचा हट्ट समजला असता, असे म्हणावेसे वाटते. परंतु त्यांच्या सुधारणेने एक विचित्र उलटापालट घडवली. जे मान्य संहितेत होते, ते संहितेबाहेर गेले. पुढील पिढ्यांना शिकवले गेले की तो पुल्लिंगी प्रियतम म्हणजे केवळ संकेत, किंवा परमेश्वर. आज जो वाचक त्या ओळींत पुरुषाचे पुरुषावरील प्रेम वाचतो, त्याच्यावर नवे काही घुसडल्याचा आरोप होतो. वस्तुतः तो जुनेच परत वाचत असतो.

मराठी वाचकाने या बाबतीत फार बिचकावे असे नाही. आपले संत पुरुष असून विरहिणी झाले, गौळणी झाले, विठ्ठलाला त्यांनी माउली केले. लिंगाची अदलाबदल त्यांच्या वाणीला नवी नव्हती. आधुनिक काळात विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने एका स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम रंगभूमीवर आणले, आणि सचिन कुंडलकरांच्या २००६ च्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’मध्ये भाऊ आणि बहीण एकाच तरुणावर प्रेम करतात. दंडसंहितेचे कलम ३७७ परस्परसंमत प्रौढ संबंधांपुरते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल केले. तथापि या कलाकृतींतील पात्रे नवी, लेखकाने घडवलेली आहेत. ज्यांच्या नावाने आपण पोवाडे म्हणतो, त्यांच्याविषयी तसे लिहिण्याची वेळ येते तेव्हा हात थबकतो.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावा लागेल. प्रत्येक जिवलग नात्याला शृंगाराचे रूप दिले तर निखळ मैत्रीला जागा कोठे उरेल, असे विचारले जाते. धर्माच्या नावाने बोलावणाऱ्या शहाकडे न जाता इब्राहिमखान ज्या शब्दासाठी मेला, त्या शब्दाचे मोल प्रेमाचे लेबल लावल्याने वाढत नाही, हे खरे. परंतु कमीही होत नाही. एक वाचन दुसऱ्याला हुसकावून लावत नाही. ‘इलियड’मध्ये मैत्री वाचणारे आजही आहेत. अपमानाचा आरोप तर एका गृहीतावर उभा आहे : हे प्रेम मुळातच हीन. ते गृहीत काढून घेतले की आरोपात काही उरत नाही. आणि भाऊ-इब्राहिमखान जोडी लिहिणाऱ्याला पार्वतीबाईंना विसरून चालणार नाही; त्यांना अडगळीत टाकणारी कथा नैतिक दृष्ट्या असो वा नसो, कलादृष्ट्या खासच दुबळी ठरेल.

लढाईनंतर भाऊंचा म्हणून एक शिरविरहित देह सापडला. ओळख पटवण्यास गेलेल्यांत काशिराजही होता. त्याने नोंदवलेल्या खुणा मोठ्या बोलक्या आहेत : मांडीवरचा रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर मुजफ्फरखानाच्या कट्यारीचा व्रण, पायावरची पद्मरेषा, आणि रोज शेकडो सूर्यनमस्कार घालण्याने गुडघ्यांना व तळहातांना पडलेले घट्टे. चेहरा नसलेला तो देह केवळ जवळच्यांनाच ठाऊक असणाऱ्या खुणांवरून वाचला गेला, आणि ज्यांनी पाहिले त्यांची खात्री पटली. पुण्यात पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही.