युरिया नेमका बनतो कुठे?

ब्लड युरियाचा आकडा वाढला, की डॉक्टर मूत्रपिंडाची चौकशी सुरू करतात. त्यामुळे युरिया मूत्रपिंडातच तयार होत असावा, असं अनेकांना वाटतं. मूत्रातून बाहेर पडणारा पदार्थ मूत्रपिंडाचाच, हा हिशेब वरवर सरळ आहे. तो चुकीचा कसा ठरला आणि तरीही त्यातला थोडा अंश खरा कसा निघाला, तेच आज मला सांगायचं आहे.

फ्रान्समध्ये १७७३ साली रुएल यांनी मूत्रातला युरिया ओळखला. पुढे १८२१ मध्ये प्रेव्हो आणि द्युमा या दोघांनी प्राण्यांची मूत्रपिंडं काढून पाहिली. युरिया तिथे बनत असता, तर रक्तातलं त्याचं प्रमाण घटायला हवं होतं. प्रत्यक्षात ते वाढलं! म्हणजे मूत्रपिंड हे बाहेर जायचं दार. कारखाना दुसरीकडेच होता. १८८२ मध्ये श्रोडर यांनी कुत्र्याच्या यकृतातून अमोनियाचे क्षार मिसळलेलं रक्त फिरवलं, तेव्हा युरिया तयार झाला. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी कुत्र्यांचं यकृत काढलं, तर युरिया बनायचाच थांबला. कारखान्याचा पत्ता लागला. आतलं यंत्र मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

ते काम जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे हान्स क्रेब्ज आणि त्यांचे तरुण सहकारी कुर्ट हेन्सेलाइट यांनी केलं. यकृताच्या पातळ चकत्यांवर ते एकेक अमिनो आम्ल घालून पाहत होते. ऑर्निथिन घातलं, आणि युरिया झपाट्याने वाढला. नवल असं, की ऑर्निथिन स्वतः खर्च होत नव्हतं.

मला इथे विहिरीवरचा रहाट आठवतो. गाडगं पाणी भरून वर येतं, रिकामं होतं आणि पुन्हा खाली जातं. तसंच ऑर्निथिन अमोनियातला नायट्रोजन उचलतं. त्याचं सिट्रुलिन होतं, मग आर्जिनिन. आर्जिनेज हे विकर त्यातून युरिया सुटा करतं आणि ऑर्निथिन पुन्हा मोकळं होतं. १९३२ मध्ये हे चक्र प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३३ मध्ये, ज्यू असल्यामुळे क्रेब्ज यांना नोकरीतून काढण्यात आलं. हॉपकिन्स यांच्या आमंत्रणावरून ते केंब्रिजला गेले. सायट्रिक आम्लाच्या चक्रासाठी १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जर्मनीने काय गमावलं, हे वेगळं सांगायला नको.

मग मूत्रपिंडाचं काय? १९४१ मध्ये बोर्सुक आणि डबनॉफ यांनी दाखवलं, की मूत्रपिंड सिट्रुलिनपासून आर्जिनिन बनवतं. आज आपल्याला ठाऊक आहे, की लहान आतड्यातून आलेलं सिट्रुलिन मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका उचलतात आणि तयार आर्जिनिन शरीराला पुरवतात. नलिकांच्या काही भागांत आर्जिनेजही असतं, त्यामुळे तिथे आर्जिनिनपासून थोडा युरिया सुटतो. पण या रहाटाचे पहिले दोन टप्पे तिथे नसतात. म्हणून यकृतात वेग वाढवणारं ऑर्निथिन इथे उलट आर्जिनेजला आवर घालतं. लायसिनही तेच करतं. अमिनो आम्ल तेच, अवयव बदलला की काम बदलतं.

हे सारं प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. काही बाळं या चक्रातलं एखादं विकर नसताना जन्माला येतात. दूध पचू लागतं, तसा अमोनिया साठतो आणि मेंदूवर घाला घालतो. अशा बाळांना आहारातली प्रथिनं मोजून दिली जातात. चक्र कुठे तुटलं आहे ते पाहून कुणाला आर्जिनिन, तर कुणाला सिट्रुलिन दिलं जातं. ते वेळेत ओळखलं गेलं, तर मूल वाचू शकतं.